चोथा, राख आणि काळा कडप्पा

चिंच आमटीसाठी असते, यावर माझ्या आजीचा पुरता विश्वास कधीच नव्हता. आमटीत चिंच घालायची ती कोळ काढल्यावर मागे चोथा उरतो म्हणून, असाच एकूण तिचा व्यवहार. तो चोथा मोरीच्या कट्ट्यावर कान तुटलेल्या कपात साठायचा, त्यावर चिमूट-चिमूट मीठ पडायचं, आणि देवाची उपकरणी घेऊन ती उन्हात बसली की कप रिकामा व्हायचा. नव्या चिंचेचा गोळा पितळेला लावणं तिच्या लेखी शुद्ध माज होता. लिंबाचंही तेच. पिळून झालेली फोड आधी मासळी साफ केलेल्या हातांवर फिरे, मग ताम्हनावर, आणि सालाचा अगदी चिंधडा झाला की परसात आळ्यात.

राख चुलीतली, काथ्या सोललेल्या नारळाचा, शेण गोठ्यातलं, फडकं आजोबांच्या विरलेल्या धोतराचं. (आजोबांचा घराच्या सफाईतला वाटा म्हणजे ते धोतर.) घर स्वच्छ करायला म्हणून दुकानातून जवळजवळ काही यायचंच नाही. स्वयंपाकातून, गोठ्यातून, अंगावरून जे उरे त्यावर सगळं भागे.

हे सगळं आता वर यायचं कारण म्हणजे आमच्या पुण्यातल्या सोसायटीत सध्या नैसर्गिक सफाईची लाट आली आहे. माणसं चांगली आहेत, हेतूही चांगला आहे. कोणी संत्र्याची सालं आंबवतंय, कोणी सोड्यावर व्हिनेगर ओततंय, कोणी राख मागवतंय. हो, राख. भांडी घासायची लाकडाची राख आता पाकिटातून ऑनलाइन मिळते. तिची किंमत आजीला कळली असती, तर तिनं चूल भाड्यानं दिली असती.

मला किमतीचं काही नाही. खटकतं ते एवढंच, की कृती आपल्याकडे आली आणि ती ज्या घरातली होती ते घर मागेच राहिलं. त्या घरातली भांडी वेगळी, जमीन वेगळी, वेळेचा हिशेब वेगळा. आणि तिथं घासणारे हात कोणाचे होते, हे कृतीत लिहिलेलं नसतं.

राखेचंच बघा. आजी ती आधी चाळून घ्यायची, कोळशाचा खडा राहिला तर भांड्याला चरा पडतो म्हणून. मग ओला काथ्या राखेत दाबायचा आणि तेलकट कढईत गोल फिरवायचा. थोड्या वेळानं हाताखाली काहीतरी बुळबुळीत लागू लागे. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं. ते पाण्यात उतरलं की पाणी अल्कधर्मी होतं आणि कढईतल्या तेलाच्या थोड्या भागाचा तिथल्या तिथे साबण बनतो. कढईचा साबण कढईच्याच तेलातून! बाकीचं काम राखेतले बारीक, कठीण कण करतात. लोखंडाच्या आणि पितळेच्या जाड भांड्यांना हे मानवायचं. पुढे घरात अ‍ॅल्युमिनियमची पातेली आली आणि राखेनं ती काळवंडायला लागली, कारण अल्क त्या धातूला खातं. आज तीच राख नॉनस्टिक तव्यावर घासली, तर दोन महिन्यांत तव्याचा थर पोटात जाईल. आरशासारख्या स्टीलच्या डब्यावर घासली, तर डबा कायमचा धुरकट होईल.

पितळ-तांब्याच्या बाबतीत मात्र आजीच्या कपाला आजही तोड नाही. काळवंडलेल्या तांब्याच्या कळशीवर ओला चोथा नुसता टेकवून ठेवा. घासायच्या आधीच चोथ्याच्या कडेनं रंग पालटू लागतो. काळपट थर सुटून चोथ्यात उतरतो, चोथा मातकट दिसायला लागतो, आणि खालून एक विलक्षण गुलाबी धातू वर येतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला ते तांबं वाटतच नाही, कारण तांब्याचा म्हणून जो लालसर रंग आपल्या डोळ्यांत बसलेला असतो, तो हवेत चार दिवस राहिलेल्या तांब्याचा असतो. चिंचेतलं टार्टारिक आम्ल वरच्या ऑक्साइडच्या थराला विरघळवतं, खालच्या धातूला सहजी हात लावत नाही. मीठ त्या कामाला जोर देतं. नंतर मात्र भरपूर पाण्यानं धुऊन लगेच कोरडं करायला हवं. आंबट-खारट अंश कुठे राहिला, की तिथे दुसऱ्या दिवशी हिरवा डाग.

कल्हई नसलेल्या पितळी पातेल्यात आमटी कळकते, तीही याच गोष्टीमुळे. आम्ल आणि तांबं एकमेकांना भेटलं की काहीतरी विरघळणारच. ते आमटीत विरघळलं तर विष, चोथ्यात विरघळलं तर सफाई. म्हणून तर दारोदार कल्हईवाले फिरत. पातेलं निखाऱ्यांवर तापवायचं, नवसागराची चिमूट टाकायची, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, आणि कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं ती आत फिरवली की पातेल्याला आतून चांदीचं पोट यायचं. आजी भांड्याला आतून चिंच कधीच लावायची नाही. बाहेरून लावायची. कल्हईसाठी मोजलेले पैसे चिंचेनं धुऊन काढायची तिची तयारी नव्हती.

आमच्या मजल्यावरच्या एका घरात गेल्या वर्षी स्वयंपाकघराच्या ओट्याचे केमिकल एकदम बंद झाले आणि रोज रात्री ओटा लिंबाच्या फोडीनं पुसला जाऊ लागला. जुना काळा कडप्पा, चांगला आरशासारखा घोटलेला. महिन्याभरात त्यावर पांढुरके, निस्तेज चट्टे उमटले. घरातल्यांना वाटलं की हा साबणाचा जुना थर निघतोय, म्हणून त्यांनी आणखी लिंबू लावलं. प्रत्यक्षात दगडच निघत होता.

कडप्पा हा चुनखडीचा दगड आहे. आंध्रातल्या त्याच नावाच्या जिल्ह्यातून तो येतो. आपल्या जुन्या घरांतली शहाबादी फरशी कर्नाटकातल्या कलबुर्गीकडची, तीही चुनखडी. राजस्थानातला कोटा तसाच. देवघरातला संगमरवरही रसायनाच्या हिशेबानं याच कुळातला. या सगळ्यांत मुख्य घटक एकच, कॅल्शियम कार्बोनेट. आणि लिंबू, व्हिनेगर, चिंच, आमसूल हे सगळे त्याचे वैरी. काळ्या कडप्प्यावर लिंबाचा एक थेंब टाकून डोळा जवळ नेला, तर बारीक बुडबुडे दिसतात. थेंब पुसल्यावर राहतो तो डाग नसतो. तिथली झिलई गेलेली असते, आणि ती कुठल्याही फडक्यानं परत येत नाही, पॉलिशवाल्याला बोलवावं लागतं. संगमरवरी देव्हाऱ्यातच निरांजनं लिंबानं घासणाऱ्यांच्या देव्हाऱ्यांकडे नीट बघा. देवापुढे खरखरीत वर्तुळं असतात.

आजीच्या घरी हा प्रश्न आलाच नाही, कारण आंबट जिथे वापरायचं तिथे जमीन शेणामातीची होती आणि भांडी घासायची जागा म्हणजे विहिरीजवळचा काळा कातळ. सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बसाल्ट, त्यावर लिंबू ओतलं तरी तो ढिम्म. ग्रॅनाइटचंही तसंच. तिच्या कृतीत दगडाचं नाव नव्हतं, कारण तिच्याकडे दुसरा दगडच नव्हता.

उलट आंबटाची जी खरी कामगिरी आहे, ती आपल्या शहरी मोरीत आहे आणि आजीला तिची कधी गरज पडली नाही. बोअरच्या पाण्याचे नळ. टँकर आणि बोअर यांवर जगणाऱ्या सोसायटीत नळाच्या तोटीवर, शॉवरच्या भोकांवर, बादलीच्या तळाशी पांढरं किटण चढतं, आणि तेही कॅल्शियमचंच. ज्या कारणानं लिंबू कडप्पा खातं त्याच कारणानं ते हे किटण खातं. व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं नळाला अर्धा-पाऊण तास गुंडाळून ठेवायचं, मग जुन्या टूथब्रशनं झटकायचं, भरपूर पाण्यानं धुवायचं. शॉवर काढून वाटीभर व्हिनेगरमध्ये पालथा घालायचा. किटणावर साबण कितीही घासा, ते हलत नाही, कारण साबण तेलाला उठवतो आणि हा तर चुना आहे. कोणत्या मळाला काय, एवढं कळलं की निम्मी सफाई डोक्यात होऊन जाते.

सोड्याबद्दल मात्र जरा भांडायचं आहे. नैसर्गिक सफाईच्या प्रत्येक यादीत खाण्याचा सोडा पहिल्या नंबरावर असतो. सोडा चांगलाच आहे. फ्रीजमधला वास मारतो, चहाचे डाग काढतो. ओशट जाळ्यांना आणि एक्झॉस्ट फॅनच्या पात्यांना गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून भिजवलं की मेणचट चिकटा आपणहून सुटतो. पण तो झाडावरून पडत नाही. मीठ, चुनखडी आणि अमोनिया घेऊन सॉल्व्हे पद्धतीनं तो कारखान्यात बनतो. गुजरातच्या किनाऱ्यावर, मिठापूरला, टाटा केमिकल्सची मुहूर्तमेढ १९३९मध्ये रोवली गेली ती याच धंद्यासाठी. मला त्यात काही वावगं वाटत नाही. उगाच त्याला आजीच्या बटव्यात कोंबू नये, इतकंच.

खरोखरचा निसर्गातला सोडा हवाच असेल, तर तो महाराष्ट्रात आहे. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला उल्का आदळून काळ्या दगडात झालेलं विवर, जवळजवळ पावणेदोन किलोमीटर रुंद, आणि त्याच्या तळाशी खारं, जबर अल्कधर्मी पाणी. उन्हाळ्यात पाणी हटलं की काठावर खाराचे पापुद्रे उरत. 'आइन-ए-अकबरी'त या भागाचा उल्लेख आहे तो काच आणि साबण बनवायची सामग्री इथे मिळते म्हणून. अकबराच्या दरबारात लोणारची ख्याती धुण्याच्या साहित्यासाठी पोचली होती, आणि आपण तिथे देवळं आणि मोर बघून परत येतो.

आणि ते सोडा-व्हिनेगर एकत्र करण्याचं खूळ! वाटीत सोडा, वरून व्हिनेगर, भसकन फेस येतो, बघणारा खूश. प्रत्यक्षात अल्कानं आम्लाला आणि आम्लानं अल्काला मारलेलं असतं. कार्बन डायऑक्साइड उडून जातो, वाटीत खारट पाणी उरतं. तुंबलेल्या मोरीत त्या फसफशीनं थोडं हललं तर हललं. किटलीभर गरम पाणी त्याहून जास्त काम करतं. दोघांना वेगवेगळं वापरा, दोघेही गुणी आहेत. आणि व्हिनेगर असो की संडासाचं अ‍ॅसिड, ब्लीचच्या आसपास फिरकू देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो. घरात कोणी जुलाब-उलट्यांनी आजारी असेल तेव्हाही निसर्गप्रेम जरा बाजूला ठेवून ब्लीचच काढावं, पण एकटं.

संत्र्या-मोसंबीच्या सालांच्या बायोएंझाइमवर आमच्या गच्चीत सभा झाल्या आहेत. एक भाग गूळ, तीन भाग सालं, दहा भाग पाणी, प्लास्टिकच्या बाटलीत तीन महिने. पहिले काही आठवडे रोज झाकण सैल करून वायू सोडायचा, नाहीतर मध्यरात्री बाटली बोलते. तयार होतं ते आंबलेलं, आम्लधर्मी, सालांचा वास असलेलं पाणी. टाइल पुसायला छान. कडप्प्याला नको. सालं कचऱ्यात न जाता कामाला येतात, हा भाग मात्र आजीला एकदम पटला असता.

या सगळ्यांत माझा जीव रिठ्यावर आहे. वाळलेलं रिठ्याचं फळ हातात घ्या: सुरकुतलेलं, मधाच्या रंगाचं, बोटांना किंचित चिकटणारं साल, आत खुळखुळणारी काळीभोर, टणक बी. फळ फोडून बी काढायची, सालं रात्रभर कोमट पाण्यात टाकायची, सकाळी उकळून कुस्करायची आणि गाळून घ्यायची. गढूळ तपकिरी पाणी, आंबूस वास. हलवलं की मात्र शुभ्र फेस धरतं. ही किमया सॅपोनिनांची. हे पाणी अल्कधर्मी नसतं, आणि म्हणूनच रेशमाला आणि लोकरीला ते चालतं. दोन्ही प्राणिज धागे, सोड्यानं आणि कडक साबणानं ते मरगळतात. शालू आणि शाली जुन्या बायका रिठ्याखेरीज कशात घालू द्यायच्या नाहीत, आणि सोनारही दागिना उजळायला रिठ्याचंच पाणी घेत. पण रिठाही काही भोळा नाही. डोळ्यात गेला तर माणूस मोरीत नाचतो, आणि ओढ्याच्या डोहात कुटून टाकला तर मासे गुंगून वर येतात. मासेमारीची ती एक जुनी रीतच होती. नैसर्गिक आहे म्हणून विहिरीच्या काठावर बसून धुवावं, असं त्यात काही नाही.

आता हातांकडे येते. आमच्याकडे धुणं-भांड्याला येणाऱ्या मावशी सोलापूरकडच्या. दुपारच्या आत त्यांना एवढी घरं उरकायची असतात, की आमच्या सिंकपाशी त्यांना मोजून वीस मिनिटं मिळतात. त्यांच्या एका घरात ती राखेची पाकिटं आली. त्या घरच्या ताईंनी मोठ्या हौसेनं काथ्याही आणून ठेवला आणि भांडी घासायचा बार उचलून वर फडताळात टाकला. मावशी माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "ताई, गावाकडं आम्ही राखंनंच घासत होतो की. राखंतनं सुटले म्हणून तर शहरात आले."

मी हसले, पण त्या हसत नव्हत्या. त्यांनी बोटं पुढे केली. पेरांना भेगा होत्याच, बारच्या आणि बोअरच्या पाण्याच्या. राखेनं त्या भेगांत आग लावली होती. अल्क भांड्याचंच तेल काढतं आणि कातडीचं सोडतं, असं थोडंच आहे. दुसऱ्या एका घरी रिठ्याचं पाणी. "फेस येतो नि जातो. पातेल्याला हात लावला की तूप हाताला. मग दोनदा घासा. पगार एकदाच." त्या घरचे लोक नदीचा विचार करत होते, आणि नदीचा विचार करायलाच हवा, मुळा-मुठेवरचा तो पांढरा फेस मी पुलावरून रोज बघते. पण नदीसाठी जो जास्तीचा घाम लागणार होता तो कोणाच्या अंगातून निघणार, याची चर्चा सभेत झाली नव्हती. बायोएंझाइमच्या सभेलाही घासणाऱ्यांपैकी कोणाला बोलावलेलं नव्हतं.

आजीच्या घरातही हेच होतं, फक्त पगार नव्हता. चिंच फुकट, राख फुकट, आणि ती स्वतःही फुकट. तिची नखं कायम काळी, रात्री ती हातांना खोबरेल चोळत बसायची. उरल्यासुरल्यावर चालणाऱ्या त्या सुंदर काटकसरीचा सगळा हिशेब तिच्या मनगटावर बसत होता. सफाईची हत्यारं आणि ती चालवणारी माणसं यांच्याशी आपलं वागणं एकूणच चमत्कारिक. शिंदीच्या पानांची केरसुणी मातंग कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या बांधली. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण तिला हळदकुंकू वाहतो, लक्ष्मी म्हणतो, आणि दुसऱ्या दिवसापासून ती दाराआड. बांधणाऱ्याला तर त्या एका संध्याकाळीही कोणी पाट मांडला नाही.

मग मावशींशी आमचं घासाघीस करून ठरलं. रोजची भांडी त्यांच्या बारनं, पण बार निम्माच, कारण त्या आधी शिळ्या भाकरीच्या तुकड्यानं नाहीतर जुन्या कागदानं खरकटं तेल पुसून घेतात. ही युक्ती त्यांचीच, आणि नदीच्या दृष्टीनं माझ्या मते रिठ्याइतकीच मोलाची: तेल मोरीत गेलंच नाही तर ते धुवायला फेस कमी लागतो. हातमोजे मी आणले. त्या ते घालतात, कधी घालत नाहीत. तांब्या-पितळेची हौस माझी, तेव्हा ती रविवारी मीच भागवायची, चोथा मीच साठवायचा. यात त्या एक इंचही मागे हटल्या नाहीत आणि ते बरंच झालं.

नळाचं व्हिनेगर मात्र त्यांना आवडलं. त्यांच्या वस्तीतही बोअरचंच पाणी. मागच्या महिन्यात त्यांनी बाटली मागून नेली, आणि दोन दिवसांनी भांडी विसळता विसळता विचारलं, "ते नळाला लावलं, लख्ख निघाला. खालच्या मजल्यावरच्या ताई म्हणतात, ओट्यालाही लावा. त्यांचा ओटा काळा आहे."

"काळा म्हणजे ग्रॅनाइट की कडप्पा?"

"ते मला काय ठाऊक. काळा."

म्हटलं, ओट्याची कड बघा. ग्रॅनाइट असला तर आत बारीक चमकते ठिपके दिसतील, कडप्पा असला तर सपाट काळा, नाहीतर कडेला पाटीसारखे थर. तरी कळलं नाही तर सिलिंडरमागच्या कोपऱ्यात एक थेंब टाका आणि बुडबुडे येतात का बघा. त्यांनी हात पुसले, पिशवी उचलली आणि खालच्या मजल्यावर निघाल्या. जाता जाता लिंबाची पिळलेली फोडही घेऊन गेल्या.